वारीला निघताना पाठीवरची पिशवी



गेल्या पंधरवड्यातल्या टपालात एका भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, "यंदा पहिल्यांदाच पायी वारीला निघतेय. पाठीवरची पिशवी कसली घ्यावी ते सांगा. तालुक्याच्या बाजारात गेले तर दुकानदारानं वीस पिशव्या पुढ्यात टाकल्या. मुलगा म्हणतो, मोठी घे, सगळं मावेल. जाऊबाई म्हणतात, पिशवीबिशवी कशाला, गाठोडं बांध. मला काही सुधरेना."

पत्र वाचून मला हसू आलं, आणि लगेच गेल्या वर्षीची आठवण होऊन पोटात कालवलं. पिशवी हा विषय दिसायला लहान आहे. पण आमच्या घरची वारी गेल्या वर्षी सासवडात मोडली ती पिशवीपायीच. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी एवढ्या पोटतिडकीनं का सांगतेय ते ध्यानात येईल.

आमच्या घरची वारी मामंजींची. माउलींच्या पालखीबरोबर आमच्या गावच्या दिंडीत त्यांनी सव्वीस वर्षं पायी वारी केली. २०२० आणि २०२१ या दोन साली करोनामुळे पायी वारी निघालीच नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ते दोन्ही आषाढ मामंजींनी ओसरीवर बसून टाळ वाजवत काढले. २०२२ साली वारी पुन्हा निघाली, पण त्याच्या आधीच्या माघात ते गेले. आत्याबाईंनी एवढ्या वर्षांत एकदाही वारी केली नव्हती. मामंजी निघायचे तेव्हा मृगाचा पाऊस झालेला असायचा, पेरणी तोंडावर असायची, गोठ्यात जनावरं असायची. ते सगळं आत्याबाईंवर टाकूनच त्यांचा पाय घराबाहेर पडायचा. मामंजी स्वतः चारचौघांत म्हणायचे, माझी वारी हिच्या जिवावर आहे.

तर गेल्या वर्षी आत्याबाईंनी सांगून टाकलं, "आता पेरणी तुमची तुम्ही बघा. मी चालले." वय त्रेसष्ट, वजन अठ्ठेचाळीस किलो, साखरेची गोळी चालू. घरात थोडी कुरबुर झाली, पण त्या ऐकायच्या नव्हत्या. मग आम्ही सगळे त्यांच्या तयारीला लागलो. थोरल्याची कॉलेजची सॅक होती, जाड कापडाची, सतरा कप्प्यांची. तीत आम्ही मायेनं भरत गेलो. एक लुगडं, स्वेटर, दोन लिटर पाण्याची बाटली, चिवडा, लाडू, शेंगदाण्याचा डबा, पितळी तांब्या, हरिपाठ, औषधी तेल, आणखी कायकाय. साखरेच्या गोळ्या मात्र "नीट राहतील" म्हणून पत्र्याच्या पेटीत घातल्या, आणि पेटी गेली दिंडीच्या ट्रकमध्ये.

आळंदी ते पुणे ठीक गेलं. पुण्यातला मुक्काम झाला. मग आला पुणे ते सासवडचा दिवस. ज्यांनी वारी केलीय त्यांना सांगायला नको. एरवी रोजची चाल १५-२० किलोमीटरची असते, त्या दिवशी ती ३० च्या वर जाते. त्यात दिवे घाट, आणि बहुधा एकादशी त्याच दिवशी येते, म्हणजे पोटात उपास. सकाळची गोळी आत्याबाईंनी पदराला बांधून घेतली होती, ती त्यांनी घेतली. घाटात सॅकचा उजवा पट्टा शिवणीतून उसवला. दिंडीतल्या एका पोरानं बिचाऱ्यानं आपुलकीनं सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गर्दीत तो पुढं निघून गेला. त्याचा काही दोष नाही. पण पाणी गेलं, लाडू गेले, सगळं त्या सॅकबरोबर पुढं गेलं, आणि आत्याबाई मोकळ्या हातांनी घाट चढल्या. वर आल्या तोवर घाम फुटलेला, हात थरथरतायत, डोळ्यांपुढं अंधारी. आरोग्य पथकातल्या लोकांनी साखर तपासली तर ती खूप उतरलेली. त्यांनी तिथल्या तिथं साखरपाणी पाजलं, झोपवून ठेवलं. ट्रक गर्दीत अडकून मध्यरात्रीनंतर मुक्कामाला पोचला, तोवर रात्रीच्या गोळीचंही काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. सासवडहून एसटीनं त्या परत आल्या.

घरी आल्यावर मी ती सॅक धान्याच्या काट्यावर ठेवली. साडेसात किलो!

त्या रात्री मला झोप लागली नाही. भरली होती ती मीच ना. तर आता ऐका.

पहिली गोष्ट. दिंडीतल्या वारकऱ्याचं सामान दोन ठिकाणी असतं. वळकटी, कपडे, ताटवाटी, पेटी हे ट्रकमध्ये. आणि उरलेलं अंगावर. पहाटे ट्रक भरला की तुमची पेटी तुम्हाला दिसते ती थेट रात्री मुक्कामाला, आणि तीही ट्रक वेळेवर पोचला तर. ट्रक बऱ्याचदा वेगळ्या रस्त्यानं जातो, कुठं कोंडी झाली तर तासन् तास अडकतो. म्हणून अंगावरच्या पिशवीत काय घ्यायचं याचं उत्तर सोपं आहे. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ट्रक आलाच नाही असं धरून चाला, आणि ज्याच्यावाचून अडेल तेवढंच घ्या. स्वेटर नसला तर रात्र कुडकुडत जाईल, पण जाईल. गोळी नसली तर सासवड होतं.

औषधं दोन ठिकाणी ठेवा. तीन दिवसांची अंगावर, बाकीची पेटीत. म्हणजे एक हरवलं तरी दुसरं आहे. गोळ्यांची नावं आणि वेळा कागदावर लिहून तोही सोबत ठेवा, आणीबाणीत पुढच्या माणसाला कळतं. साखरेची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. एवढं चालताना गोळीचं प्रमाण तेच ठेवायचं का, आणि एकादशीला उपास धरायचा का. इन्शुलिन असेल तर ते उन्हानं तापणाऱ्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका. आणि खडीसाखर किंवा गूळ हा पिशवीत नको, पदराच्या गाठीला किंवा बंडीच्या खिशात हवा. पिशवी जाईल, पदर जाणार नाही.

आता वजन. भरलेली पिशवी अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये, असा ठोकताळा आहे. माणूस पन्नास किलोचं असेल तर पाच किलो ही अगदी शेवटची हद्द. साठीच्या बाईमाणसानं तीन-साडेतीनच्या पुढं जाऊच नये असं माझं मत. तुम्ही म्हणाल, आम्ही डोक्यावर चाऱ्याचा भारा आणतो, दोन घागरी आणतो, तीन किलोचं काय कौतुक? बायांनो, भारा मळ्यातून गोठ्यापर्यंत येतो. इथं २० किलोमीटर म्हणजे दोन फुटांचं पाऊल धरलं तरी बत्तीस हजार पावलं होतात, तीही एका दिवसाची. माउलींच्या वाटेवर असे पंधरवड्याच्या वर दिवस. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीबरोबर किंवा मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर निघणाऱ्यांची तर वाट महिन्याच्या वर चालते. एक जास्तीची पितळी वाटी पहिल्या दिवशी जाणवत नाही, आठव्या दिवशी ती खांद्यात बोलते.

पाण्याचं वजन लोक विसरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन लिटरची बाटली भरून घेतली की निम्मी हद्द तिथंच संपली. वाटेवर गावोगावी पाणी मिळतं, टँकर असतात. लिटरची एक बाटली पुरे, ती रिकामी झाली की भरायची. मात्र पाणी कमी करून तिथं दुसरं काही कोंबायचं नाही. जलसंजीवनीच्या चार पुड्याही असू द्या, त्यांना वजन ते किती.

मग पिशवी कसली?

आपली जुनी पडशी तुम्ही पाहिली असेल. मामंजींची होती, जाडसर खादीची, खांद्यावर टाकली की एक कप्पा पुढं छातीवर नि एक मागं पाठीवर. करणाऱ्याची अक्कल बघा, पुढचं ओझं मागच्या ओझ्याला तोलून धरतं, त्यामुळं माणूस वाकत नाही. पुढच्या कप्प्यातलं हाताला लगेच सापडतंही. दोष दोनच. पावसात ती भिजून जड होते, आणि एकाच खांद्यावर असते. हलकं सामान असेल आणि तब्येत धड असेल तर पडशीसारखी दुसरी सोय नाही, हे मी आजही म्हणेन. जाऊबाईंच्या गाठोड्याविषयी मात्र काय बोलू! गाठोडं डोक्यावर घेतलं तर हात वर राहतो, हातात घेतलं तर हात अडकतो.

वारीत हात मोकळे हवेत, ही गोष्ट शहरातल्या दुकानदाराला कशी कळणार? बाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतं, एक हात त्याला लागतो. पुरुषाच्या खांद्यावर पताका असते, तो खांदा पट्ट्यानं अडला तर पताका कुठं ठेवायची? टाळकऱ्याचे तर दोन्ही हात गुंतलेले, आणि तो नुसता चालत नाही, पावल्या खेळतो, पुढं जातो, मागं येतो, उडी घेतो. त्याची पिशवी पाठीवर धपाधपा आपटायला लागली की अभंगातलं लक्ष उडतं. म्हणून ती अंगाला बांधलेली हवी.

शबनम पिशवी एका खांद्याला लटकते, कमरेवर आपटते, आणि एक खांदा दिवसभर खाली ओढते. चार दिवसांनी मान धरते. पोथी आणि चष्म्यापुरती बरी, त्याच्या पुढं नाही. दुकानातल्या मोठमोठ्या डोंगर चढायच्या सॅका मजबूत असतात खऱ्या, पण रिकामीच दीड-दोन किलोची भरते. आणि जागा रिकामी दिसली की बाईमाणसाचा हात शिवशिवतो, काहीतरी कोंबल्याशिवाय राहवत नाही. मी स्वतःवरून सांगते. पिशवी लहान घ्या, म्हणजे भांडण आपोआप मिटतं. जे दिंडीत नाव न नोंदवता मोकळे चालतात आणि ज्यांचं सगळं बिऱ्हाड पाठीवर असतं, त्यांना थोडी मोठी लागेल, पण त्यांनीही दहाव्या हिश्शाचा हिशेब सोडू नये.

दुकानातून घ्यायची तर दोन्ही खांद्यांना पट्टे असलेली, लहान, हलकी घ्या. रंग आणि कप्पे बघत बसू नका. आधी पट्ट्याची शिवण बघा. पट्टा पिशवीला जिथं जोडलाय तिथं शिवणीचा चौकोन आणि चौकोनात फुली असली पाहिजे. नुसती एक आडवी शिवण असेल तर ती आज ना उद्या उसवणार. दुकानातच दोन्ही हातांनी पट्टा ओढून बघा, दुकानदार रागावला तर रागावू दे.

पट्टा रुंद हवा, निदान तीन बोटं. दोरीसारखा बारीक पट्टा खांद्यात रुततो, हाताला मुंग्या येतात. आणि पिशवीला कमरेचा पट्टा असेल तर फार उत्तम. तो पोटावर आवळायचा नाही, कमरेच्या हाडावर बसवायचा. असं केलं की ओझं खांद्यावरून उतरून कमरेवर येतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. भरली घागर बाई हातात लोंबकळत आणत नाही, कडेवर घेते. का? कमरेचं हाड ओझं पेलतं, खांदा नुसता कुरकुरतो.

भरताना बैलगाडी आठवा. गाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलला जातो आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पिशवीचंही तेच आहे. जड वस्तू पाठीपासून लांब, बाहेरच्या कप्प्यात भरली की पिशवी मागं ओढते आणि माणूस पुढं वाकून चालतं. म्हणून जड ते पाठीला लागून आणि जरा वरच्या अंगाला, हलकं ते बाहेर आणि खाली. पाण्याची बाटली पाठीजवळ हवी. पिशवीचा तळ कमरेच्या खाली लोंबता कामा नये. शाळेतली पोरं पट्टे ढिले सोडून दप्तर पार ढुंगणावर आपटत जातात ना, तसं अजिबात नको.

आता पाऊस. वारी म्हणजे मृग-आर्द्राचे दिवस. दुकानदार शपथेवर सांगेल की पिशवीत पाणी जात नाही. कापडातून जात नसेल, शिवणीतून आणि चेनमधून जातं. वरून झाकण्यापेक्षा आतून बंदोबस्त करा. युरियाच्या गोणीत (पूर्वी ५० किलोची यायची, आता ४५ ची येते) कधीकधी आत पातळ प्लास्टिकचा कागद असतो. तो दोन-तीनदा स्वच्छ धुऊन वाळवला की पिशवीला आतून अस्तर म्हणून बेस होतो. तोंडाशी दोन घड्या घालून गुंडाळायचं, थेंब आत जात नाही. फक्त खायची वस्तू त्याला उघडी लागू देऊ नका, आणि फवारणीच्या औषधाच्या पिशवीला तर या कामासाठी हातही लावू नका. गोळ्या, पोथी, मोबाइल यांना वेगवेगळ्या लहान पिशव्या. मी दुधाच्या रिकाम्या पिशव्या साबणानं धुऊन वाळवून घेते. चेन असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासा, चिखल-रेतीनं ती अडकत नाही. माझा तर चेनवर विश्वासच नाही. नाडी आवळून गाठ मारली की झालं.

पैसे आणि आधार कार्ड पिशवीत नकोत. रिंगणाच्या गर्दीत पाठीवरची पिशवी कोण उघडतंय ते कळत नाही. चोळीला आतून चोरखिसा शिवा. आधारची झेरॉक्स न्या. मोबाइलवर फार विसंबू नका, मुक्कामाला एका बटणापाशी पन्नास माणसं चार्जिंगला उभी असतात. घरचा, दिंडीप्रमुखांचा आणि दिंडीतल्या आणखी एकाचा नंबर कागदावर लिहून एक चिठ्ठी अंगावर, एक पिशवीत ठेवा. दिंडीचा क्रमांकही त्यावर लिहा. चुकामूक झाली तर माणसं नावापेक्षा दिंडीच्या क्रमांकावरून पत्ता सांगतात. आणि पिशवीला बाहेरून खणाचा एक तुकडा शिवा. एकाच दुकानातून घेतलेल्या सारख्या पिशव्यांचा ढीग पडला की आपली कुठली ते उमगत नाही.

आता घरी शिवायची ती कशी, ते माझ्या अनुभवावरून. पहिल्यांदा मी थोरल्याच्या जुन्या जीन पँटीची शिवली. दिसायला झकास, मजबूत. मग तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून काट्यावर ठेवली तेव्हा डोळे उघडले. जीन पाणी पिते आणि दोन दिवस वाळत नाही. ती आता अंडी आणायला वापरते. दुसरी शिवली पॅराशूटचं कापड म्हणतात त्याची. माप घेताना आत्याबाईंना उभं केलं आणि मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत वितीनं मोजलं, दोन विती भरल्या. त्यात वरून-खालून थोडं सोडून १६ इंच उंची, ११ इंच रुंदी आणि ५ इंच खोली धरली. पट्ट्यांना पलंगाची जुनी नवार घेतली. सुती नवार मऊ असते, रुतत नाही. खांद्यावर येते तेवढ्या भागात जुन्या गोधडीचा तुकडा दुहेरी करून आत घातला. वरच्या बाजूला दोन्ही पट्टे चार बोटांच्या अंतरानं जवळजवळ जोडले, म्हणजे ते खांद्यावरून बाहेर घसरत नाहीत. खाली मात्र दोन कोपऱ्यांना. छातीपाशी दोन पट्टे जोडणारी एक नाडी आणि कमरेला नवारीचाच पट्टा. नऊवारी नेसणाऱ्यांनी हा पट्टा निऱ्यांच्या जरा वर, बाजूच्या हाडांवर बसतोय ना ते नेसून बघावं. नुसतं डोळ्यानं माप धरू नये, मी ते एकदा उसवलंय.

खर्च म्हणाल तर कापड आणि दोऱ्याचा, बाकी घरातलंच.

मग भरली. रिकामी पिशवी ४५० ग्रॅम. पाणी बाटलीसकट १ किलो ५०. औषधं आणि जलसंजीवनी १५०. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, गूळ ४००. पावसाची खोळ २५०. पंचा २००. हरिपाठ, चष्मा, बॅटरी, सुईदोरा, पिना, पट्टी, खोबरेलाची लहान बाटली मिळून ३००. मोबाइल २००. एकूण बरोब्बर तीन किलो. खोबरेल कशाला विचाराल तर मांड्या आणि काखा घासून सोलवटतात त्यासाठी. हे कुणी बोलत नाही, पण निम्म्या बायांचं पाचव्या दिवसापासूनचं रडगाणं तेच असतं.

पिशवी नवी असो की जुनी, थेट आळंदीला पाठीवर घेऊ नका. निदान पंधरा दिवस आधीपासून रोज चालून बघा. आत्याबाई पहाटे पिशवीत दोन किलो ज्वारी घालून मळ्यापर्यंत जाऊन यायला लागल्या, दर दोन दिवसांनी मूठमूठ वाढवत. चौथ्या दिवशी डाव्या खांद्यावर लाल वळ उठला. पट्टा दोन बोटं आत घेतला, वळ गेला. हे दिवे घाटात कळलं असतं तर काय केलं असतं? लोक पाहून हसायचेही. एकानं विचारलं, "आजी, शाळेत नाव घातलं का?" त्या म्हणाल्या, "घातलंय. परीक्षा एकादशीला आहे."

इथवर सगळं माझ्या काट्याप्रमाणं चाललं होतं. परवा मी सहज पिशवी उचलली तर ती जड लागली. काट्यावर ठेवली, ३ किलो ६००. उघडून बघते तो पंच्यात गुंडाळलेले मामंजींचे टाळ. मी म्हटलं, "आत्याबाई, हे पेटीत घालू या. ट्रकमध्ये जातील, पंढरपुरात काढा." गेल्या वर्षीचं ते सासवड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून जरा जोरातच बोलले असेन. त्यांनी टाळ माझ्या हातून घेतले, पदरानं पुसले, म्हणाल्या, "पोरी, टाळ का पिशवीत न्यायचा असतो? तो वाजवत न्यायचा."

मी काही बोलले नाही. त्यांना टाळ वाजवता येतो हे मला या घरात येऊन बावीस वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं मामंजी निघायचे, त्याच्या आधी ओसरीवर बसून टाळाची नवी दोरी वळायच्या त्या याच.

मग पुन्हा हिशेब मांडला. साडेतीनची हद्द मीच घातलेली, तिच्या वर शंभर ग्रॅम होत होते. बॅटरी काढली, मोबाइलला आहेच. शेंगदाण्याची एक पुडी कमी केली. पाण्याला हात लावला नाही, औषधांना लावला नाही. आणि हात दमले की टाळ ठेवायला पिशवीच्या उजव्या अंगाला, पाठीला चिकटून, एक उभा कप्पा शिवायला घेतलाय.

काल पहाटे त्या मळ्याकडं गेल्या तेव्हा मी गोठ्यात होते. बांधावरून टाळाचा आवाज आला, मधेच थांबला, पुन्हा आला. आमचे मालक धार काढता काढता थांबून ऐकत राहिले.

निघायला अकरा दिवस आहेत. दोरा संपलाय, तो बाजारातून आणायचाय. कप्प्याचं वजन उजवीकडं येतंय, म्हणून त्या बाजूच्या पट्ट्याला चौकोनाची आणखी एक शिवण मारते. पत्र पाठवणाऱ्या भगिनींना मापं हवी असतील तर वर दिली आहेतच, फक्त उंची आपल्या पाठीवर वितीनं मोजून घ्या.